हे कोण सांगतंय?

कथा वाचून झाली की वर्गातून पहिली मागणी येते, "बाई, मध्यवर्ती कल्पना लिहून द्या ना." कृतिपत्रिका आली, स्वमताचे प्रश्न आले, तरी ही सवय गेलेली नाही. दोष मुलांचा नाही. पहिलीपासून प्रत्येक गोष्टीच्या शेवटी आपणच त्यांना तात्पर्य विचारत आलो.

नववीच्या वर्गात मी ते विचारत नाही. माझा प्रश्न एकच: हे कोण सांगतंय? त्याला काय दिसतं आणि काय दिसणं शक्यच नाही?

त्यासाठी व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'सारखं (१९५५) दुसरं पुस्तक मला सापडलेलं नाही. धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर सगळं सांगतो. शेकूकडे एकच बैल, म्हणून दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको खांदा देते. तो प्रसंग आला की मी पुस्तक मिटते. "काय दिसलं?" उत्तर ठरलेलं: "गरिबी." अरे, गरिबी हे आपण मागाहून दिलेलं नाव. आधी बैल कुठं, बाई कुठं, मास्तर कुठं ते सांगा. मग फळ्यावर चित्र निघतं, मास्तर नेमका किती लांब यावरून जुंपते आणि भांडण मिटवायला मुलं पुन्हा पान उघडतात. मला हवं असतं ते हेच.

एकदा आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन आलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, मास्तर बाहेरचा आहे म्हणून त्याला नवल. वाडीतल्या कुणी हे सांगितलंच नसतं." निवेदक म्हणजे काय, हे मला तासभर बोलूनही इतकं नेमकं सांगता आलं नसतं. मग सगळ्यांना तोच प्रसंग शेकूच्या बायकोच्या तोंडून लिहायला दिला. बऱ्याच वह्यांमध्ये मास्तर आलाच नाही. तिची मान खाली होती, तिला तो दिसणार कसा?

पुढे दुष्काळात वाडी ओस पडते. "माणसं गेली कुठं?" मुलं चिडून विचारतात. मास्तरला ठाऊक तेवढंच आपल्याला ठाऊक, एवढंच मी म्हणते. ती चुटपुट घालवायची घाई करू नये. तिच्यापायीच कुणीतरी ग्रंथालयात माडगूळकरांचंच 'माणदेशी माणसं' मागायला जातं.

स्वमताच्या उत्तरात आता "लेखकाला असे म्हणायचे आहे" कमी झालंय. मुलं लिहितात, "मास्तरला असे वाटते", आणि खाली आपलं वेगळं मत मांडतात.