शून्याच्या आधी

दिवाळीच्या सुटीत ताईकडे पुण्याला गेलो होतो. ती तिथल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. मी पडलो मराठी वाङ्‌मयाचा विद्यार्थी. लेसर मला ठाऊक तो गणपतीच्या मिरवणुकीतला! तिच्या अंधाऱ्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती, आणि ही म्हणते, "इथे फार गोंगाट असतो रे."

सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग केले, तर त्यातला एक फेम्टोसेकंद. एवढ्याशा काळात रेणूंत काय घडते ते टिपल्याबद्दल अहमद झेवेल यांना १९९९ चे नोबेल मिळाले. एक प्रकाशस्पंद रेणूला डिवचतो. दुसरा मागाहून येऊन खबर नेतो. आरसा १५ मायक्रॉन मागे सरकवला की दुसऱ्याला १०० फेम्टोसेकंद उशीर होतो. खबर मात्र केवढी? प्रकाशात हजारातला एखादा भाग कमी-जास्त! लेसर स्वतःच तेवढा हेलकावतो. तोच हा गोंगाट. म्हणून एक फिरती चकती डिवचणारा स्पंद एकाआड एक अडवते. लगतच्या दोन नोंदींची वजाबाकी करायची, तीही हजारो वेळा.

विखुरलेला प्रकाश मात्र या वजाबाकीला बधत नाही. द्रावणातल्या धूलिकणावरून, कुपीवरच्या ओरखड्यावरून डिवचणारा प्रकाशच उडून मोजणाऱ्या यंत्रात शिरतो. चकतीने अडवले की थांबतो, सोडले की येतो. हुबेहूब खऱ्या खबरीसारखा.

ताईला आलेखात एक उंचवटा सापडला होता. वेळ कितीही लांबवली तरी तो ओसरेना. तिला वाटले, रेणूची ही दीर्घकाळ टिकणारी अवस्था! तीन महिने ती त्यामागे होती. घरी फोन आला, आजीने देवापुढे साखर ठेवली. मग एका रात्री तिने शून्याच्या आधीचे आकडे घेतले. म्हणजे खबर नेणारा आधी पोचतो, डिवचणारा मागून. अजून काही घडलेच नाही, तर साक्ष कसली? उंचवटा तिथेही होता. खबर नेणारा स्पंद पार अडवला, तरी होता.

"मग?"

"मग काय, सकाळी सरांना सांगितलं."

"रागावले?"

"म्हणाले, आधी द्रावण गाळून घे."

आता ती द्रावण गाळते, कुपी उजेडाकडे धरून निरखते. दोन्ही स्पंदांचे ध्रुवण काटकोनात ठेवून यंत्रापुढे ध्रुवक लावते. तरी जे उरते ते वेगळे मोजून वजा करते. उंचवटा गेला आहे.

आजीला काय सांगायचे, ते तिने माझ्यावर सोपवले आहे.