लहान हात आणि कळांची बांसरी

आपल्याकडे मुलांसाठीं कोणतीहि वस्तु घ्यावयाची झाली म्हणजे ती 'वाढत्या अंगाची' घ्यावयाची, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक आहे. सदऱ्याच्या बाह्या दुमडतां येतात, परकराला आंतून दुमड घालतां येते, बुटाच्या टोकांत कापूस कोंबतां येतो, आणि वर्षा दोन वर्षांनीं ती वस्तु अंगाबरोबर येते. ही काटकसर आहे व तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु वाद्य म्हणजे वस्त्र नव्हे. कापूस कोंबून बांसरीचीं भोकें एकमेकांजवळ आणतां येत नाहींत, आणि हात वाढेपर्यंत मुलाची हौस वाट पाहात बसेल असाहि कोणाचा करार नाहीं.

आमच्या घरांतील एका अकरा वर्षांच्या मुलीला शाळेच्या वाद्यवृंदांत बांसरी वाजविण्याची फार उत्कंठा होती. एका आप्तानें मोठ्या प्रेमानें तिला तीस इंच लांबीची वेळूची बांसरी आणून दिली. दोन महिने तिनें तिच्याशीं झुंज घेतली. तर्जनी आणि मध्यमा बसल्या तर अनामिका उठे. अनामिका ताणून बसविली तर तर्जनीखालून वारा निसटे. आणि सूर निघे तो फुसका. बोटांतून कळा येऊं लागल्या. अशांत एका जाणत्या गृहस्थांनीं तिच्या समक्षच निकाल दिला कीं, "हा हात बांसरीचा नव्हे." मुलगी कांहीं बोलली नाहीं, पण दुसऱ्या दिवसापासून बांसरी कपाटावर जाऊन पडली. ज्याला स्वराची जाणच नाहीं त्याला दुसऱ्या विद्येकडे वळविणें शहाणपणाचें होईल. येथें तशी गोष्ट नव्हती. एकदां ऐकलेली चाल ती बिनचूक गुणगुणे. उणें होतें तें एवढेंच कीं तिची वीत अवघी सहा इंचांची. सहा इंचांच्या वितीमुळें एका मुलीचें संगीत जन्माचें बंद व्हावें, हें आम्हांस न्यायाचें वाटेना. तेव्हां वाद्याला हात शोधण्याऐवजी हाताला वाद्य शोधावें असें आम्हीं ठरविलें.

लहान वेळूची बांसरी घेऊन भागलें नसतें काय, असें कोणी विचारील. भजनापुरतें खचित भागलें असतें. परंतु वृंदांतील चाली विलायती पद्धतीनें लिहिलेल्या असतात व त्यांत कोमल-तीव्र स्वर पावलोपावलीं येतात. वेळूच्या बांसरीवर ते स्वर अर्धें भोक उघडून काढावे लागतात. तें कौशल्य मोठें गोड आहे, पण तें साधावयास वर्षें लागतात. लांकडाच्या बांसरीला कळा असल्या म्हणजे कळ दाबतांच हवा तो स्वर मिळतो. म्हणून आमची नजर कळांच्या बांसरीकडे वळली.

कळांचा इतिहास पाहिला तर तो बऱ्याच अंशीं बोटांच्या अपुरेपणाचाच इतिहास आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत सहा भोकांच्या लांकडी बांसरीला उजव्या करंगळीसाठीं एकच कळ बसविली जाऊं लागली. पुढें एकेक करून कळा वाढत जाऊन एकोणिसाव्या शतकांत आठ कळांची बांसरी सर्वत्र रूढ झाली. १८३१ सालीं म्युनिकचा सोनार व बांसरीवादक थिओबाल्ड बोएम (१७९४–१८८१) लंडनला गेला असतां त्यानें चार्ल्स निकल्सन (१७९५–१८३७) याचें वादन ऐकलें. निकल्सनच्या बांसरीचीं भोकें विलक्षण मोठीं होतीं आणि नादहि तसाच भरदार होता. आपल्या जुन्या बांसरीवर याची बरोबरी आपल्याला करतां येणार नाहीं, हें बोएमनें ओळखलें. तरी तो हताश होऊन घरीं बसला नाहीं. त्यानें बांसरीच नव्यानें रचावयास घेतली. १८३२ सालीं त्यानें कड्यांच्या कळांची लांकडी बांसरी तयार केली आणि १८४७ सालीं नळकांड्याच्या आकाराची. नादाच्या शास्त्राला भोक जेथें हवें तेथें तें पाडावयाचें, बोट जेथें सहज पडतें तेथें तें राहूं द्यावयाचें, आणि दोहोंची गांठ कळेनें घालून द्यावयाची, अशी त्याची युक्ति. आमच्या मुलीला आम्हीं ही हकीकत सांगितली, तेव्हां तिनें एवढेंच विचारलें, "काका, त्याला पण कोणी म्हटलं होतं का, हा हात बांसरीचा नाही म्हणून?"

आपल्या देशांत याच्या नेमकें उलट घडलें. बारिसाल येथें १९११ सालीं जन्मलेल्या पन्नालाल घोष यांनीं रागदारीसाठीं खर्जाचा गंभीर नाद हवा म्हणून बांसरी बत्तीस इंचांच्या घरांत लांबविली आणि बोटांनाच पसरावयास लावलें. १९६० सालीं ते वारले. पण आज मैफलींत दिसणारी लांब बांसरी ही त्यांचीच देणगी होय. मात्र त्या थोर पुरुषाचें माप अकरा वर्षांच्या मुलीला लावणें म्हणजे भीमाची गदा शाळेच्या कवाइतीस देण्यासारखें आहे.

आतां निवडीविषयीं. सीताबर्डीवरील एका दुकानीं आम्ही गेलों. दुकानदारानें प्रथम काळ्या लांकडाची, आठ कळांची, लांब पायाची एक वजनदार बांसरी पुढें केली. मुलीची डावी अनामिका तिसऱ्या भोकाच्या कांठावरच अडखळली. "भाऊ, लेकराचा हात वाढते नं!" असें म्हणून त्यानें आमचें समाधान करण्याचा यत्न केला. तो सज्जन होता. परंतु वर सांगितलेला सदऱ्याचाच न्याय तोहि लावीत होता.

बांसरीच्या लांबीचें गणित सोपें आहे. सहाहि भोकें झांकून निघणारा स्वर जितका खालचा, तितकी नळी लांब आणि भोकांमधील अंतर मोठें. नेहमींच्या कळांच्या बांसरीचा हा स्वर पांढरी दोनचा असतो, म्हणजे सेकंदास सुमारें २९४ कंपनांचा. हाच स्वर पांढरी चारचा, म्हणजे सुमारें ३४९ कंपनांचा घेतला, तर सारीं अंतरें अदमासें एक षष्ठांशानें कमी होतात. ऐकावयास हें थोडें वाटेल. पण ज्या अनामिकेला पाव इंच कमी पडत आहे, तिला हा षष्ठांश म्हणजे पैलतीर आहे. नांवांचा मात्र मोठा घोटाळा आहे. वेळूची बांसरी तीन भोकें झांकून निघणाऱ्या षड्जावरून ओळखतात, तर विलायती लांकडी बांसरी सहा झांकून निघणाऱ्या स्वरावरून. आणि ही लहान बांसरी कोणी 'एफ'ची म्हणतो, तर तीच कोणी 'ई फ्लॅट'ची म्हणून विकतो. तेव्हां नांव न विचारतां सहा भोकें झांकून फुंकावें व पेटीवर स्वर पडताळून घ्यावा.

स्वर ठरला तरी काम संपत नाहीं. त्याच स्वराच्या दोन बांसऱ्यांत एकीचीं भोकें मोठीं व दुसरीचीं लहान असतात. मोठ्या भोकांचा आवाज बुलंद खरा, पण कोंवळ्या बोटाचें पेर तीं पुरतें झांकीत नाहीं. लहान हाताला लहान भोकेंच बरीं. जास्त कळा म्हणजे जास्त चांगली बांसरी, अशीहि एक समजूत आहे. आठांपैकीं दोन कळा केवळ लांब पायावरील दोन खालच्या स्वरांसाठीं असतात व त्यांचा सारा भार उजव्या करंगळीवर पडतो. त्या दोन स्वरांवांचून शाळेंतील मुलांचें कांहीं अडत नाहीं. आंखूड पायाची, सहा किंवा चार कळांची बांसरी हलकी असते आणि हातांत तोल धरते. डाव्या करंगळीची कळ मात्र अवश्य पाहावी. बाकीचीं बोटें न हालवितां तेथवर करंगळी पोंचली नाहीं, तर ती कळ असून नसून सारखीच.

परीक्षेची एक रीत आम्हांस फार उपयोगी पडली. मुलीला सहा भोकांवर बोटें ठेवून पन्नास अंक मोजावयास सांगितलें आणि मग तळहात उलटे करवून बोटांचीं टोकें पाहिलीं. भोकाच्या कांठाचा ठसा प्रत्येक पेरावर उमटतो. तो पूर्ण गोल असला तर बोट बसलें; चंद्रकोरीसारखा असला तर तेथून वारा जाणारच. वजनदार बांसरीनें दोन्ही अनामिकांवर कोरी उमटविल्या होत्या. पांढरी चारच्या बांसरीनें सहाहि वाटोळे ठसे उमटविले. नंतर खालचा स्वर हलक्या फुंकरीनें निघाला, तेव्हां मुलीनें आमच्याकडे पाहिलेंहि नाहीं. ती पुन्हा फुंकूं लागली होती. तीच बांसरी घेतली.

ती इतरांशीं जुळणार कशी, अशी शंका वृंदांत निघालीच. बोटें तींच, पण स्वर तीन पट्ट्या वर जातो. पेटीवाल्यानें षड्ज सरकवला कीं झालें. आपल्याकडील पेटीवाल्यांना तें नवें नाहीं. वृंदासाठीं तिचा कागद निराळा लिहून द्यावा लागतो, आणि ते श्रम आम्हीं आनंदानें पत्करले.

नागपूरकरांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि जून सरतां सरतां भिंतींनाहि ओल येते. जुन्या विलायती बांसऱ्यांच्या डोक्यांत पुष्कळदां धातूची नळी बसविलेली असते. उन्हाळ्यांत लांकूड आटतें, धातु आटत नाहीं, आणि लांकूड उभें चिरतें. म्हणून आंतून सबंध लांकडाचेंच डोकें असलेली बांसरी येथें अधिक भरंवशाची. नवी बांसरी पहिला महिनाभर रोज दहा-पंधरा मिनिटेंच वाजवावी, वाजवून झाल्यावर आंतील ओल फडक्यानें टिपावी, आणि अधूनमधून बदामाच्या तेलाचा अगदीं पुसट हात आंतून फिरवावा. तेल कळांच्या गाद्यांना लागूं देऊं नये. खिडकींत, मोटारींत किंवा कूलरच्या झोतांत ती ठेवूं नये. सांध्यांवर दोरा गुंडाळलेला असतो. उन्हाळ्यांत सांधा सैल पडला तर दोऱ्याचे दोन वेढे वाढवावे लागतात; पावसाळा लागून सांधा घट्ट झाला कीं तेच दोन वेढे काढावयाचे. हें काम आमच्या घरीं ती मुलगीच करते, आणि दुसऱ्या कोणाला हात लावूं देत नाहीं.