अठराचं नॉलेज, सहाचं शिकवणं

कोल्हापूरच्या एका माणसाच्या ऋणात मी आहे. पैशाअडक्याचं म्हणाल तर उलट त्यांच्याकडेच माझे चहाचे पैसे निघतील. माझ्यावर ऋण आहे ते संगणकावरच्या एका खेळातल्या दोन आकड्यांचं. हसू येईल, पण आहे ते असं आहे.

२०१७ साली मी पोशेऱ्याजवळच्या एका आश्रमशाळेत गणित शिकवत होतो. मोखाडा तालुका. पावसाळ्यात भात, नागली, वरई. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्ट्यांवर आणि पोरं आमच्याकडे. शिक्षक बहुतेक घाटावरचे, एकेका खोलीत दोन-तीन जण. माझ्या खोलीत क्रीडाशिक्षक होते. पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळलेले, कोल्हापुरातले. तिथे पाटाकडील आणि खंडोबा या तालमींची मॅच असली की शाहू स्टेडियमवर शहर लोटतं, हे त्यांनी मला पहिल्याच रात्री सांगितलं आणि पुढे रोजच सांगितलं. मी त्यांना सर म्हणायचो. ते मला ‘पुणेकर’ म्हणायचे, तेही जरा कीव केल्यासारखं.

वीज असली की रात्री मी लॅपटॉपवर ‘फुटबॉल मॅनेजर’ लावायचो. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्रज भावांनी १९९२ मध्ये ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ काढला. पुढे ते नाव सोडावं लागलं आणि २००४ पासून त्यांचा खेळ ‘फुटबॉल मॅनेजर’ झाला. यात चेंडूला लाथ आपण मारायची नसते. आपण क्लब चालवायचा, माणसं नेमायची, डाव ठरवायचा आणि मग खुर्चीत बसून तडफडायचं. माझा क्लब इंग्लंडच्या पाचव्या पायरीवरचा, खिसा फाटका. एकच प्रशिक्षक परवडणार होता आणि दोन उमेदवारांत माझं अडलं होतं.

या खेळात खेळाडूंसारखेच प्रशिक्षकांनाही १ ते २० आकडे असतात. बचाव, आक्रमण, तंदुरुस्ती, मुलांसोबत काम, जिद्द, शिस्त, उमेद जागवणं, माणसं सांभाळणं. त्यात ‘टॅक्टिकल’ नावाचा एक रकाना आणि जरा बाजूला ‘टॅक्टिकल नॉलेज’ नावाचा दुसरा. एकाचा पहिला आकडा मोठा, दुसऱ्याचा दुसरा. डावपेच ते डावपेच, मग दोन रकाने कशाला?

सर खाटेवर पडून आमची पंचाईत बघत होते. त्यांनी आयुष्यात हा खेळ खेळला नव्हता. म्हणाले, “अरे, एक आहे मास्तर स्वतः किती शाणा ते. दुसरा, पोरांच्या डोक्यात किती उतरवतो ते. तुला प्रॅक्टिस घ्यायला पाहिजे का शेजारी बसून सल्ला द्यायला? त्यावर घे की.”

नेमकं तेच होतं. सरावाच्या पानावर प्रशिक्षकाला जे तारे मिळतात ते त्याची जिद्द, शिस्त, उमेद जागवण्याची ताकद आणि त्या त्या विषयाचा आकडा यांवरून. डावपेचांच्या सरावाला ‘टॅक्टिकल’ लागतो. ‘नॉलेज’ला तिथे कुणी विचारत नाही. नॉलेज उपयोगी पडतं ते सहायक सामन्याआधी-सामन्यात सल्ला देतो तेव्हा, प्रतिस्पर्ध्याचा अहवाल बनतो तेव्हा. शिवाय सहायकाची स्वतःची आवडती रचना असते आणि त्याचा सल्ला तिकडेच झुकतो. सरांना मी हे सांगितलं तर म्हणाले, “मग? माणूसच हाय तो.”

त्याच सप्टेंबरात राज्य सरकारचं ‘मिशन वन मिलियन’ आलं. पुढच्या महिन्यात सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात होता, काही सामने नवी मुंबईत. म्हणून १५ सप्टेंबरला महाराष्ट्रभर दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळायचा होता. आमच्याकडेही चेंडू आले. सर मोहरले. चिखलात फक्की टिकेना, म्हणून राखेने रेघा मारून त्यांनी पोरांना बचावाची फळी समजावायला घेतली. आरिगो साकी नावाचा बूट विकणारा माणूस मोठा खेळाडू नसताना मिलानचा प्रशिक्षक झाला आणि समोर प्रतिस्पर्धी न ठेवता नुसती फळी हलवण्याचा सराव कसा घ्यायचा, हे सगळं त्यांनी नववीच्या पोरांना सांगितलं. पोरं तोंडाकडे बघत राहिली. चेंडू सुटला की चौघेही त्याच्यामागे.

आमच्या स्वयंपाकघरात एक कामाठी दादा होते, पोशेऱ्याकडचेच. फुटबॉल त्यांनी त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिला असावा. दोन-तीन दिवस ते कठड्यावर बसून बघत होते. मग विहिरीचा दोर घेऊन आले. (मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात, पाणी मुंबईला जातं आणि इथे उन्हाळ्यात विहिरीवरचा दोर लांबत जातो.) चौघा पोरांच्या हातात तो सारख्या अंतरावर दिला आणि त्यांच्या बोलीत एवढंच सांगितलं, की दोर ढिला पडू द्यायचा नाही आणि ताणूही द्यायचा नाही. चेंडू डावीकडे गेला, चौघे डावीकडे सरकले. संध्याकाळपर्यंत दोर काढून घेतला तरी पोरं सरकत होती.

सर कंबरेवर हात ठेवून बघत होते. दुसरा कुणी असता तर खट्टू झाला असता. रात्री मला म्हणाले, “पुणेकर, तुझ्या त्या खेळात माझं नॉलेज अठरा धर. शिकवणं सहा. दादांचं नॉलेज दोन असंल, पण शिकवणं सोळा.” आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कामच वाटून टाकलं. सराव दादांकडे. सर वही घेऊन रेषेबाहेर. कोणता पोरगा डावखुरा, कोण दमला की मागे येत नाही, समोरच्या शाळेचा गोलरक्षक कोणत्या बाजूला कच्चा, एवढं ते टिपायचे आणि दादांना सांगायचे. दादा ते पोरांच्या भाषेत पोचवायचे. शेजारच्या शाळेबरोबर आम्ही एक सामना हरलो, एक बरोबरीत सोडवला. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

मला जे मिळालं ते मैदानाबाहेर. त्याआधी मी वर्गात समीकरणं सोडवून दाखवायचो आणि स्वतःवर खूश असायचो. स्वतःचा पहिला आकडा किती आणि दुसरा किती, असं खालच्या आवाजात विचारायची सवय मला सरांनी लावली. आणि सहा आहे असं कळलं तर दोर दुसऱ्याच्या हातात द्यायचा, हेही. हे मला अजून त्यांच्याइतक्या सहज जमत नाही.

पुढे सरांची बदली झाली, माझीही. खेळ बदलत गेला. २०१९च्या आवृत्तीत सरावाचं पानच नवं झालं, आक्रमणाचे डावपेच वेगळे, बचावाचे वेगळे. २०२५ची आवृत्ती तर निघालीच नाही. पण दोन रकाने अजून आहेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले. मुंबई एफसीत वर्षानुवर्षं तुटपुंज्या संघावर काम केलेला आणि २०१७ मध्ये ऐझॉलला आय-लीग जिंकून देणारा माणूस. सरांचा फोन आला.

“तुझ्या खेळात किती दिलंय त्याला?”

“कशात, सर? शिकवण्यात का नॉलेजमध्ये?”

“दोन्ही सांग.”

मी लॅपटॉप उघडून सांगितलं. “कमी दिलंय,” म्हणाले, आणि ऐझॉलची मधली फळी त्या मोसमात कुठे उभी राहायची, कधी आत यायची, का यायची, हे सांगू लागले. जेवण गार होईपर्यंत सांगत होते. मला त्यातलं निम्मंच कळलं.