किल्ली कोणाकडे?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. गेल्या हिवाळ्यात जुन्या गाड्यांच्या एका रॅलीचं कव्हरेज करायला गेले होते. चकाचक लाल रंगाची टू-सीटर एमजी आणि तिच्या शेजारी पांढऱ्या केसांचे, कॅप घातलेले एक गृहस्थ. मी थेट रेकॉर्डर ऑन केला. "सर, ही गाडी तुमच्याकडे कधीपासून?" ते हसले आणि बॉनेटमध्ये डोकं खुपसून बसलेल्या मुलीकडे बोट दाखवलं. गाडी तिची होती. वय वर्षं २६. बाबा नुसते डबा घेऊन आले होते!

तेवढ्यात कॉलेजची दोन पोरं आली आणि लोगो बघून म्हणाली, "अरे, ही तर हेक्टरवाल्यांची!" आता हेक्टर आपल्याकडे आली २०१९ मध्ये. एमजीच्या उघड्या टू-सीटर तिच्या कित्येक दशकं आधीच्या. मी त्या पोरांना मनातल्या मनात खूप हसले. स्वतःला मात्र सोयीस्करपणे माफ केलं.

ही माफी किती स्वस्तातली होती, ते मला वाटूरला गेल्यावर कळलं.

जालन्याहून मंठ्याकडे निघालं की वाटेत वाटूर लागतं. आमचं मूळ गाव. तिथे माझे थोरले काका राहतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय ७२. सगळी हयात पंप आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. त्यांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असते १९६५ ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. तरुणपणी जालन्याच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतलेली.

दिवाळीत संध्याकाळच्या वेळी अण्णांनी ही गाडी फाटकाच्या खांबाला घासली. झालं! फॅमिलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठराव पास झाला. अण्णांनी आता गाडी चालवायची नाही. लायसन्सची मुदत संपतेच आहे, ते रिन्यू करायचं नाही. गाडी विकायची. आता गंमत बघा. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या चुलतभावाने त्याच खांबाला नवी कोरी एसयूव्ही ठोकली होती. तेव्हा निकाल लागला होता, 'फोनवर होता, लक्ष नव्हतं.' अण्णांच्या वेळी निकाल लागला, 'वय झालं.' खांब एकच, कलमं दोन.

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला मला पाठवलं. फ्रीलान्सर म्हणजे रिकामटेकडी, हा आमच्या घरचा आवडता फंडा.

"कामून आलीस, ते आधी सांग," अण्णा म्हणाले. मी म्हटलं, "सहज, वीकेंड आहे म्हणून." त्यांनी एक नजर टाकली, काही न बोलता ताडपत्री ओढली आणि गाडीचा पुढचा सगळा भाग, मडगार्डांसकट, पुढच्या बाजूला उलटा उघडला. मगरीने जबडा उघडावा तसा. मग चक्क पुढच्या चाकावर बूड टेकून ते प्लग साफ करायला लागले.

"ही स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण आहे," ते म्हणाले. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची फेकाफेक. नंतर वाचलं तर अक्षरशः खरं निघालं. ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडात १९५९ मध्ये आली. तिचं डिझाइन मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाचं. १९६२ मध्ये तिचीच चेसिस आखूड करून त्याच माणसाच्या डिझाइनवर ट्रायम्फने स्पिटफायर ही टू-सीटर काढली. आपल्याकडे हेराल्ड मद्रासला बनायची. स्पिटफायर तरुणांची आणि हेराल्ड फॅमिलीवाल्यांची असं लोकांनी ठरवलं असेल, पण हाडं एकाच घरची होती.

मग अण्णांनी मला परतूरच्या रस्त्याला नेलं. काय सांगू! वळण येण्याआधीच वेग कमी करायचा आणि वळणात शिरल्यावर अॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढायचा नाही. "हिची मागची चाकं आत मुडपतात, गाडी फिरते," हे ते समजावत होते आणि करूनही दाखवत होते. परत येताना स्टिअरिंग माझ्या हातात दिलं. चोक किती ओढायचा तेच मला कळेना. गाडी तीनदा बंद पडली. "तुम्हाला सगळं बटनावर लागतं," अण्णा म्हणाले. शेरेबाजी त्यांनाही जमते म्हणजे.

परतेपर्यंत सूर्य कलला होता. अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "बरं झालं, तू चालवायलीस. अंधारात समोरच्या लाइटीचा नुसता गोळा दिसायलाय मला. सहा महिने झाले."

मी गाडी कडेला घेतली. "मग सांगितलं का नाही कुणाला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही डोळे तपासले असते का? किल्लीच काढून घेतली असती."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मी किल्ली घ्यायलाच तर आले होते. आम्ही सगळे त्यांचं वय मोजत बसलो आणि म्हणून त्यांनी डोळा लपवला. त्या खांबाच्या जागी एखादं पोर असतं तर?

सर स्टर्लिंग मॉस यांचं नाव रेसिंगच्या दुनियेत केवढं मोठं. २०११ मध्ये, ८१ व्या वर्षी, ते ल माँला जुन्या गाड्यांच्या शर्यतीत उतरले होते. पात्रता फेरीत त्यांना स्वतःच्याच ड्रायव्हिंगची भीती वाटली आणि त्यांनी तिथल्या तिथे निवृत्ती जाहीर केली. आकडा बघून कुणी त्यांना उतरवलं नाही. त्यांचं त्यांना कळलं, आणि ते बोलून दाखवायला त्यांना लाज वाटली नाही. आमच्या घरात अण्णांना तेवढी मोकळीक नव्हती.

कायदासुद्धा आमच्यापेक्षा समजूतदार निघाला. पंचावन्नच्या पुढे लायसन्स दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं आणि सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट द्यायचं. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशनही पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनीच वाढतं, तेही तपासणी करून. म्हणजे अण्णा आणि हेराल्ड, दोघांनाही एकच नियम. नुसतं साल बघू नका, तपासा.

सोमवारी आम्ही जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. ऑपरेशन होईल, मग पुन्हा तपासणी, मग सर्टिफिकेटचं बघू, असं डॉक्टर म्हणाले. मिळेलच, असं मात्र म्हणाले नाहीत. बाहेर आल्यावर अण्णांनी खिशातून किल्ली काढली आणि न मागता माझ्या हातात ठेवली.

"डोळ्यासाठी देतोय," ते म्हणाले. "वयासाठी नाही. तुझ्या बापाला तसंच सांग."

रात्री ग्रुपवर चुलतभावाचा मेसेज आला. 'काय गं, गाडी काढली का विकायला?'

मी लिहिलं, 'नाही. आधी मोतीबिंदू काढतोय.'