कोंड्यातले तेल

दिवाळी आटोपली की भोर आणि वेल्ह्याच्या पश्चिमेकडील खोऱ्यांत भाताची झोडणी सुरू होते. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्यांच्या काठची खाचरे एकामागून एक मोकळी होतात आणि पोती भोरच्या बाजारपेठेकडे येऊ लागतात. पूर्वी या पोत्यांत आंबेमोहोर असे. आता बहुतेकांत इंद्रायणी असते. मावळातील वडगावच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार केलेली ही जात १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आली. तिने वास थोडा राखला आणि उतारा पुष्कळ वाढवला, म्हणून ती टिकली.

या पेठेतील एका जुन्या जैन घराण्याच्या दुकानात तीन पिढ्यांचा एक नियम होता. भात कोठीत ठेवावे, तांदूळ गरजेपुरता भरडून आणावा, आणि कोंडा त्याच दिवशी गुरेवाल्यांना देऊन टाकावा. कारण कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. कोंडा राहिला की खवट होतो, एवढे सर्वांना ठाऊक होते. व्यापारात पुष्कळ शहाणपण असे बिनकारणाचेच चालत आलेले असते, आणि ते मोडेपर्यंत त्याची किंमत कळत नाही.

ते मोडले हातसडीच्या मागणीमुळे. पुण्याची गिऱ्हाइके पांढऱ्याशुभ्र तांदळाऐवजी तांबूस, कोंड्यासकटचा तांदूळ मागू लागली. मुलाने हंगामातच मोठा माल यंत्रावर फक्त तूस काढून आणला, सुंदर पिशव्यांत भरला आणि चैत्र-वैशाखात विकला. पाऊस लागता लागता पिशव्या परत येऊ लागल्या. भात कडवट लागतो, वास येतो, अशी तक्रार होती. पैसे परत दिले गेले. त्याचे कोणाला दुःख नव्हते. पण एका जुन्या गिऱ्हाइकाने गादीसमोर उभे राहून म्हटले, “शेठ, तुमच्याकडे तरी जुना माल मिसळणार नाहीत असे वाटले होते.” आजोबांनी उत्तर दिले नाही. माल नवा होता, त्याच हंगामाचा होता, एक दाणाही मिसळलेला नव्हता. अचौर्य व्रताच्या अतिचारांत मालात भेसळ करणे हा एक दोष सांगितला आहे. जो आयुष्यभर टाळला, तोच आळ कपाळी आला.

पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकणारी नात सुटीला आली, तेव्हा आजोबांनी तिच्यासमोर दोन पिशव्या ठेवल्या. “नवा तांदूळ जुन्यासारखा का नासला, एवढे मला सांग, बेटा.” ती काही दाणे घेऊन गेली. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तिने त्यांचे पातळ काप केले, काहींवर आयोडीन टाकले, काहींवर तेलाला लाल रंगवणारे सुदान हे द्रव्य. परत आल्यावर तिने वहीवर एक दाणा परातीएवढा मोठा काढून दाखवला.

दाण्याचा आतला पांढरा भाग आयोडीनने काळानिळा झाला होता. तेथील पेशी पिष्टाने ठासून भरलेल्या असतात, आणि दाणा पिकेपर्यंत त्या मेलेल्याही असतात. त्या केवळ कोठारे उरतात. पिष्ट ज्या कणांत साठते ती लवके होत. पानातील हरितलवकाशी त्यांचे सख्खे नाते आहे, कारण दोन्ही एकाच प्रकारच्या बालरूपापासून घडतात. पानात ऊन आहे, म्हणून तेथे लवकाच्या आत पापुद्र्यांच्या चळती रचल्या जातात आणि त्यांवर हरितद्रव्य बसते. दाण्याच्या अंतर्भागाला ऊन धरण्याचे काम नाही. तेथे पापुद्रे घडत नाहीत, ती जागा पिष्टाचे बारीक कोनदार कण घेतात. वाण एकच, पण दुकानाची मांडणी गावानुसार, असे आजोबा म्हणाले.

पांढऱ्या भागाभोवती मात्र एक अरुंद कडे आयोडीनने रंगले नव्हते. सुदानने ते लाल झाले. हा ॲल्यूरोनचा थर. त्याच्या पेशी जाड भिंतींच्या, जवळजवळ चौकोनी आणि जिवंत असतात. यांतच तेल असते, तसेच अंकुरातही. आणि ब-१ जीवनसत्त्वाचा मोठा वाटाही याच बाहेरच्या भागात. जावा बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आइकमन या डच वैद्याने सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना पाहिल्या आणि कोंडा देताच त्या सावरल्या. त्या शोधाला १९२९ चे नोबेल मिळाले. तेव्हा गिऱ्हाइकांची मागणी चुकीची नव्हती.

खरी गोष्ट तेलाच्या मांडणीची आहे. पेशीत तेल मोकळे सांडलेले नसते. त्याचे सूक्ष्म थेंब असतात आणि प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांनी जडवलेले पातळ वेष्टन असते. पेशीची इतर पटले दुहेरी असतात. हे वेष्टन एकेरी, कारण त्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला तेलच असते, त्याला दुसरा पदर लागत नाही. आणि तेलाचे तुकडे करणारे विकर त्या थेंबांत नसते. ते मुख्यतः बाहेरच्या सालीच्या थरात असते. दोघे एकाच दाण्यात, पण वेगवेगळ्या दालनांत. तूस शाबूत असेतोवर भात कोठीत खुशाल राहते. तूस निघताना साल खरचटते, भिंती फुटतात, विकराची तेलाशी गाठ पडते आणि आम्ले सुटू लागतात. पुढचे काम हवा करते. कोंड्यात तर सर्वच पेशी चिरडलेल्या, म्हणून तेथे हे काही तासांत सुरू होते. कोंड्यापासून खाद्यतेल काढणारे कारखाने कोंडा आधी तापवून घेतात, तो त्या विकराला निकामी करण्यासाठीच.

येथे कोणाला आपल्या घरातील पिठाची मर्यादा आठवेल. दिगंबर परंपरेत दळलेले पीठ हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस चालते. त्या नियमामागचा विचार जीवोत्पत्तीचा, अहिंसेचा आहे. त्याला तेलाच्या रसायनाची साक्ष जोडण्याची गरज नाही. दळल्यावर धान्य पूर्वीचे राहत नाही, एवढे मात्र दोन्हीकडे दिसते.

त्या वर्षापासून दुकानातील हातसडीच्या पिशवीवर भरडल्याची तारीख हाताने लिहिली जाते, आणि आठवड्याच्या मागणीपुरतेच भात भरडायला जाते. मुलाची कुरकुर आहे, कारण कोठीची जागा अडते आणि गिरणीच्या खेपा वाढतात. आजोबांनी त्या जुन्या गिऱ्हाइकाच्या घरी नातीला वहीसकट पाठवले. चित्र त्याने लक्ष देऊन पाहिले. तो पुन्हा दुकानात आला तो दोन महिन्यांनी.

कोठीतील थोडे भात बियाणे म्हणून वेल्ह्याच्या शेतकऱ्यांकडे परत जाते. पावसाच्या तोंडावर ते राबात पडते आणि तेथे तीच गाठ वेगळ्या हिशेबाने पडते. भिजलेला अंकुर ॲल्यूरोनला निरोप धाडतो. त्या जिवंत पेशींतील आंतर्द्रव्यजालिकेवर विकरे घडू लागतात, गॉल्जी पिंडातून ती बाहेर पाठवली जातात आणि पांढऱ्या कोठारातील पिष्टाची साखर होते. अंकुराला लागेल तसे कोठार उघडते. साठा संपत आला की ॲल्यूरोनच्या पेशीही मरतात, आणि तोवर चिखलातून वर आलेल्या पहिल्या पानात लवके हिरवी झालेली असतात.