लग्न झालंय का?

वय एक्केचाळीस, केसांच्या मुळाशी चांदी, डोळ्यांवर प्रोग्रेसिव्ह चष्मा, आणि डॉक्टरीणबाई मला विचारतात, "लग्न झालंय का?" बरं, केसपेपरवर रिसेप्शनच्या मुलीने नावाआधी 'मिस' लिहिलेलं होतंच. तरी विचारलं. माझा प्रश्न साधा होता: पाळीत मेन्स्ट्रुअल कप वापरला तर चालेल का? मला फायब्रॉइड आहे, अंगावरून फार जातं, पॅडने जांघा सोलवटतात आणि मार्चअखेरीला ऑफिसात खुर्चीतून उठायची सोय नसते.

"मग नको ते. पडदा फाटेल," त्या म्हणाल्या. "उद्या एखादं स्थळ आलं, तर?"

स्थळ! माझ्या आईनेसुद्धा हा विषय कधीच सोडून दिलाय. विवाह मंडळाची फी भरणं बंद करून तिने त्या पैशांत पाणी तापवायचा गीझर घेतला. आणि इथे फी मी दिलेली, दुखणं माझं, पण काळजी कुणाची, तर जो अजून जन्माला आलाय की नाही ठाऊक नाही अशा नवऱ्याची. पार्टिशनपलीकडे नर्स आणि दोन पेशंट होत्या. त्यांनाही सगळं व्यवस्थित ऐकू गेलं असणार.

मला राग आला तो पुढच्या गोष्टीचा. त्यांनी सोनोग्राफी लिहून दिली. लग्न झालेलीची ती खालून करतात, दोन मिनिटांत मोकळी. माझी पोटावरून, त्यासाठी लघवी तुंबवून ठेवायची. बाटलीभर पाणी पिऊन बाकावर गुडघे आवळून बसा, नंबर आला की आत जा, मग ऐका, "अजून भरलं नाही, अर्ध्या तासाने या." पुन्हा पाणी, पुन्हा बाक. माझ्या मागून आलेली पंचविशीची मुलगी आत जाऊन आली, पर्स उचलून गेलीसुद्धा. मी तशीच बसलेली, भिंतीवरचं गर्भलिंग निदान केले जात नाही हे वाचत. एवढ्या वर्षांत एकाही दवाखान्यात मला कुणी विचारलेलं नाही की बाई, खालून तपासलं तर तुमची हरकत आहे का? विचारतात ते लग्नाचं. माझ्या शरीरात काय घालायचं आणि काय नाही, हे मंगळसूत्र बघून ठरतं. तेच गळ्यात असतं, तर याच बाईंनी याच टेबलावर मला तांबी बसवून दिली असती.

गंमत म्हणजे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्याच नाशकात आहे, दिंडोरी रोडला. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी पाठपुरावा केल्यावर २०१९ मध्ये या विद्यापीठाने न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमातून कौमार्याची लक्षणं हा भाग काढून टाकला, कारण त्याला शास्त्रीय आधारच नाही. पडदा म्हणजे काही लोणच्याच्या बरणीचं सील नव्हे. कुणाला तो नावापुरता असतो, कुणाचा लवचिक, कुणाचा आपोआप ताणला गेलेला. त्याच्याकडे बघून बाईच्या पूर्वायुष्याचं काही कळत नाही. कपाने तो ताणला जाऊ शकतो, हे खरं. ताणला तर ताणला. हा निर्णय मी घेईन ना!

तर मी कप मागवला. तीन-चारशेपासून मिळतात. मापाच्या तक्त्यात मी कुठेच बसेना. तिशी ओलांडलेल्यांनी मोठा घ्यावा, बाळंतपण न झालेल्यांनी छोटा. आता मी? सरळ छोटा घेतला. खरं तर वयापेक्षा गर्भाशयाचं तोंड किती खाली आहे ते बघावं. पाळीच्या दिवसांत हात धुऊन बोट घालून पाहायचं. पहिल्या पेरालाच लागलं तर आखूड कप, नाहीतर देठ खुपत राहतो. देठ कापताही येतो. जास्त मऊ सिलिकॉन आत गेल्यावर नीट उघडत नाही, जरा ताठ असलेलं पटकन उघडतं.

काठ बोटाने आत दाबून घडी घालायची, उकिडवं बसायचं, श्वास सोडायचा. आत गेला की बुडाशी बोट फिरवून बघायचं. घडी राहिली असेल तर हमखास गळतो. काढताना मात्र देठ ओढायचा नाही. आत निर्वात पकड बसलेली असते. शौचाला जोर करतो तसा करायचा, बूड चिमटीत धरून दाबायचं, हवा शिरली की सुटतो. तांबी बसवलेल्या बायकांनी तर आधी डॉक्टरांना विचारावंच. जोरात ओढण्यात तांबी सरकायचा धोका आहे. कप जास्तीत जास्त बारा तास ठेवायचा. माझ्यासारखीला दुसऱ्या दिवशी तीन-चार तासांतच रिकामा करावा लागतो.

तो उकळायचं छोटं भगुणं मी वेगळं ठेवलंय. आईने विचारलं, सांगितलं. मला वाटलं, आता देव्हारा, सोवळं, सगळं निघणार. तर म्हणाली, "आम्ही लुगड्याच्या चिंध्या परकराखाली वाळत घालायचो, वाळायच्या नाहीत नि कुबट वास यायचा. हे बरंय, वाळतंय कुठं ते कुणाला दिसत नाही." आणि वाटाणे सोलायला बसली.

त्यानंतर मी सगळ्यांना सांगत सुटले. २०२२ मध्ये केरळातलं कुंबळंगी गाव सॅनिटरी पॅडमुक्त जाहीर झालं, तिथे बायकांना कपच वाटले, आपल्याकडे प्रत्येक गावात का होत नाही, वगैरे. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताईंना मी एक कप घेऊन देणार होते. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं वस्तीत सार्वजनिक संडास, आत नळ नाही. एक टमरेल पाणी. मागं चारजणी दार वाजवत्यात. रिकामा करू कधी, धुऊ कशानं?" यावर काय बोलणार. ज्या गावात संडासाला नळ नाही, तिथे आधी नळ द्या, मग कप वाटा. ताई पॅडच वापरतात आणि त्यांचं बरोबर आहे.

डॉक्टर मात्र मी बदलल्या नाहीत. मैत्रिणी म्हणतात, बदल. पण त्यांचा हात हलका आहे आणि चाळिशीच्या बाईला बघितलं की पिशवी काढून टाका म्हणणाऱ्यांतल्या त्या नाहीत. मागच्या वेळी त्यांनी नेहमीचं विचारलं, दिवसाला किती पॅड भिजतात? मी म्हटलं, "पॅड नाही, एमएलमध्ये सांगते." कपाच्या अंगावर रेघा असतात. पाळीभरात ऐंशी एमएलच्या वर गेलं की ते जास्त समजतात. माझं दीडशेच्या पुढे भरलं.

"मोजलंत कशात?"

"कपात."

"हं," म्हणाल्या, आकडा लिहून घेतला आणि हिमोग्लोबिन बघून लोहाच्या गोळ्या वाढवल्या. त्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही. त्याचं काय करायचं ते पुढच्या खेपेला विचारायचंय.