कानशीखालचे दाते

लासूर स्टेशनच्या आसपासच्या शिवारात लाकूड म्हटलं की बाभूळ. शिवना नदीच्या काठानं, ओढ्यांच्या कडेला, बांधांवर ती आपली आपण वाढते. आमच्या आज्याच्या काळी औताचं बहुतेक सगळं लाकूड तिचंच असे. नांगर, वखर, तिफण, गाडीची चाकं, सगळं. ओली बाभूळ तोडायची, तिची ओंडकी विहिरीत नाहीतर नदीच्या डोहात महिनोनमहिने बुडवून ठेवायची आणि मग सुताराकडं न्यायची, म्हणजे तिला भुंगा लागत नाही. ही बाभूळ एकदा वाळली की कुऱ्हाड परतवून लावते.

म्हणून आमच्या घरी दोन माणसांनी ओढायची करवत होती. दोन्ही टोकांना उभ्या लाकडी मुठी, पात्याच्या पोटाला किंचित गोलाई. एका बाजूला आजा, दुसऱ्या बाजूला वडील. पुढं वडिलांच्या जागी मी. पहिला धडा एवढाच होता, फक्त ओढायचं, ढकलायचं नाही. ढकललं की पातं वाकतं, खाचेत अडकतं आणि पलीकडच्याचे खांदे भरून येतात. आपली ओढ संपली की मूठ सैल सोडायची; पलीकडचा पातं आपसूक घेऊन जातो. जोर लावायची माझी सवय मोडायला आज्याला बरेच दिवस लागले. तो म्हणायचा, ‘तू नको कापूस, दात्याला कापू दे.’

सुगी उरकली की करवतीला धार लावायचं काम निघे. दोन फळ्यांमध्ये ती उभी आवळायची, दाते वर, आणि तिकोनी कानस घेऊन आजा ओसरीवर बसायचा. एका दात्यावर कानशीचे जेवढे हात, तेवढेच दुसऱ्यावर. एखादा दाता उंच राहिला तर लाकडाचा सगळा मार तोच खातो आणि बाकीचे नुसते मागं-पुढं होतात. कानस झाली की एक दाता डावीकडं, पुढचा उजवीकडं असं किंचित वाकवायचं. त्यानं खाच पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि करवत लाकडात आवळत नाही. शेवटी करवत डोळ्यांसमोर आडवी धरून तो दात्यांच्या दोन रांगांमधून उजेडाकडं पाहायचा. मधली घळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ दिसली तर करवत खुंटीला, नाहीतर पुन्हा फळ्यांमध्ये.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मनमाडकडून येणारी मीटरगेजची लाइन रुंद झाली. त्या सुमारास ट्रॅक्टरही वाढले, लाकडी औतं मागं पडली, आमची करवत माळ्यावर गेली. मोठं खोड निघालं तर ते वखारीत जायचं आणि विजेच्या करवतीवर त्याच्या फळ्या व्हायच्या. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. लाकूड आमच्या हातातून गेलं होतं.

2012 साली पाऊस हुकला. जालना आणि तेव्हाचा औरंगाबाद हा मोसंबीचा पट्टा. विहिरी तळाला गेल्या, लोकांनी टँकरचं पाणी विकत घेऊन झाडांच्या बुडाशी ओतलं, तरी कितीतरी बागा उभ्या वाळल्या. आमचीही वाळली. पुढच्या उन्हाळ्यात वडिलांनी चेनची करवत चालवणाऱ्या मशीनवाल्यांना बोलावलं. मोसंबीला धड फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. त्या मशीनला एका खोडासाठी मिनिटही पुरं लागत नव्हतं. वडील बांधावर उभे राहून बघत होते. आवाजामुळं कुणाला कुणाशी बोलता येत नव्हतं, आणि ते बरंच होतं.

दुपारी मशिनी थांबल्या. त्या टोळीतला एक पोरगा लिंबाच्या सावलीत मशीन मांडीवर घेऊन बसला आणि चेनच्या एकेका दात्यात गोल कानस फिरवू लागला. आतून बाहेर, एकाच दिशेनं. प्रत्येक दात्याला सारखे हात. आधी एका बाजूचे सगळे दाते, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. मी जेवण सोडून तेच पाहत राहिलो. ओसरीवरचं काम जसंच्या तसं चाललं होतं, फक्त कानस तिकोनीची गोल झाली होती.

कानस गोल का झाली, ते मी पुढं शोधून वाचलं. जर्मनीत आंद्रेयास श्टील यांनी 1926 साली विजेवर चालणारी चेनची करवत केली, ती उचलायला दोन माणसं लागत. एका माणसाला पेलणारी पेट्रोलची मशीन त्यांनी 1950 साली आणली. पण तेवढ्यावर भागणारं नव्हतं. सुरुवातीच्या चेनचे दाते आमच्या करवतीसारखेच टोकदार, लाकूड ओरखडणारे. ते लवकर बोथट होत आणि धारेपायी दिवसाचा बराच वेळ जाई. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचे एक लाकूडतोडे होते. 1946 साली त्यांनी एका बुंध्यात भुंग्याची जाडजूड अळी पाहिली. ती आपले दोन जबडे एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं चालवत लाकडातून आरपार वाट काढत होती, रेषेच्या बाजूनं आणि रेषेला आडवंही. तो जबडा डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी डावा-उजवा असा वाकड्या नखाचा दाता घडवला आणि 1947 साली तशी चेन विकायला काढली. आज जगभरातल्या चेनचा दाता त्याच घराण्यातला आहे. दात्याच्या पोटाला गोलाई आली, म्हणून कानसही गोल. आंब्याच्या खोडात भिरूड शिरला की आम्ही तार घालून त्याची अळी ओढून काढतो आणि मारतो. तिच्याच जातकुळीतल्या एका अळीपुढं थांबून तिचं काम पाहत राहणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

यंदा मी स्वतःची मशीन घेतली. वळवाच्या वादळात विहिरीवरचा लिंब उन्मळून मोटारीच्या खोलीवर पडला आणि भाड्याची मशीन वेळेवर मिळेना, तेव्हाच ठरवलं होतं. बांधावरची वेडी बाभूळही हाताबाहेर गेली होती. दुकानात दोन मशिनी समोर ठेवल्या गेल्या. एक 58 सीसीची, बावीस इंची बारची, म्हणजे चेन फिरते त्या पट्टीची, स्वस्त. दुसरी 50 सीसीची, अठरा इंची, किमतीला कितीतरी जास्त. दुकानदार म्हणाले, ‘दादा, मोठी घेऊन ठेवा, मोठं झाड निघालं तर अडणार नाही.’ पण माझ्या शिवारातली झाडं मला ठाऊक आहेत. मोसंबीचं खोड, वेडी बाभूळ, लिंबाच्या फांद्या यांना अठरा इंच पुरून उरतात. एखादा जाड बुंधा आलाच तर तो दोन्ही बाजूंनी कापता येतो. बार लांब झाला की चेन लांब होते, इंजिनावरचा बोजा वाढतो आणि धार लावायचे दातेही वाढतात. त्यातून खोक्यावरचं वजन बहुधा बार आणि चेन सोडून, रिकाम्या टाकीचं असतं. पाच-साडेपाच किलो लिहिलेली मशीन पेट्रोल-तेल भरून हातात घेतली की सात किलोच्या घरात जाते, आणि ती दुपारपर्यंत सांभाळायची असते. संध्याकाळी हात भरून आले की माणूस बारचं टोक कुठं टेकतंय याकडं बघत नाही.

आणि धोका त्या टोकातच आहे. टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की चेन तिथं क्षणभर अडते आणि अख्खा बार उसळून चालवणाऱ्याच्या तोंडावर येतो. पुढच्या मुठीसमोरचा आडवा दांडा चेनचा ब्रेक असतो. मनगट त्यावर आपटलं किंवा झटका मोठा बसला की चेन जागच्या जागी थांबते. हा ब्रेक नीट बसतो की नाही, ते मी दुकानातच चालवून पाहिलं. आपल्याकडं पायात चप्पल, अंगात बनियन अशा अवतारात मशीन चालवणारे रोज दिसतात आणि मला ते पाहवत नाही. मी जाड बूट, कानाला मफ, डोळ्याला जाळी आणि मांडीवर बांधायचं जाड कापड आधी घेतलं. त्या कापडात लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागलीच तर धागे ओढले जाऊन गरारीत गुंततात आणि चेन बंद पडते.

घरी आणल्यावर पहिला दिवस नुसता समजून घेण्यात घालवला. मशीन जमिनीवर ठेवायची, मागच्या मुठीत बुटाचा चवडा, ब्रेक लावलेला, मग दोरी. एक लिटर पेट्रोलला 20 मिली टूटी ऑइल. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. तयार मिश्रण कॅनमध्ये महिनोनमहिने ठेवण्यात अर्थ नाही. काम झालं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायची. चेनचं तेल वेगळं. गॅरेजमधलं जळकं ऑइल बरेचजण ओततात, त्यातला लोखंडाचा चुरा बार खातो. तेल येतंय का हे पाहायला मी बारचं टोक एका पांढऱ्या दगडाच्या वर धरून जरा रेस दिली. दगडावर तेलाची बारीक रेघ उमटली, तेव्हा कुठं पहिला काप घेतला. नवी चेन पहिल्या काही कापांतच ढिली पडते, ती थंड झाल्यावर पुन्हा ताणून घेतली. हातानं ओढली तर सरकायला हवी, पण खालून लोंबायला नको.

लिंबाच्या बुंध्यावर बार टेकवला आणि नुसतं मशीनचं वजन राहू दिलं. चेन स्वतःच लाकडात उतरत गेली. पायाशी पडत होते ते काडीएवढे लांब छिलके. वाळल्या बाभळीकडं वळलो तसं तासाभरात छिलक्यांच्या जागी पीठ पडू लागलं आणि बार ढकलावासा वाटू लागला. दाते बसल्याची हीच खूण. अशा वेळी मशीन बंद करायची, कितीही थोडं काम राहिलेलं असो. पुढं ढकलत राहिलं तर बार तापतो, क्लच जळतो आणि पेट्रोल फुकट जातं. दात्याच्या पुढचा बुटका अडसर मात्र मी दर धारेला घासत नाही. दाता किती खोल चावेल हे तो ठरवतो; तो फार उतरवला तर मशीन झटके देऊ लागते.

आता एक काम राहिलंय. बांधावरच्या जुन्या आंब्याची एक मोठी फांदी वाळून रस्त्यावर कलली आहे. मशीन आली तेव्हापासून भाऊ म्हणतोय, अख्खं झाडच काढू, सावलीखाली दोन तासं पिकत नाहीत. 1964 च्या वृक्षतोड कायद्यात आंबा आहे, परवानगीशिवाय तो तोडता येत नाही. आणि परवानगी मिळाली तरी तो मी तोडू देणार नाही. वाळकी फांदी तेवढी उतरवायची. तीही थेट वरून कापली तर अर्ध्यात मोडते आणि जाताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. म्हणून खोडापासून हातभर लांब, आधी खालून तिसरा हिस्सा काप, मग जरा पुढं सरकून वरून. फांदी पडली की उरलेला खुंट गाठीच्या बाहेरून वेगळा. हे शिडीवरून करायचं नाही, ट्रॉली फांदीखाली लावायची. भावाला रविवारी ट्रॉली आणायला सांगितलंय, आणि चेन शनिवारी रात्रीच कानशीखालून काढून ठेवीन.